पुढची बाजू

वरचं गाव, २ मार्च २०१६

सेवास्ती, माझ्या धाकट्या बहिणी,

तुझं पत्र नेहमीसारखं बेकरीत येऊन पडलं होतं. ऑस्ट्रेलियाचं तिकीट बघितलं आणि याकुमिसनं पिठाच्या हातानंच ते माझ्या नाकासमोर नाचवलं. "मावशी, कांगारू आलं बघ उडी मारत!" सगळी रांग हसली. मीही हसले. पत्र शालीआड धरून घरी आणलं, चष्मा पुसला, तुळशीसारखा वास मारणारं आपलं ते खिडकीतलं झाड जरा बाजूला सरकवलं आणि उजेडात बसून वाचलं.

"ताई, आम्ही ऑगस्टमध्ये येतोय. मी, इरिनी आणि तिची दोन्ही मुलं. बेटावर कुठल्या भागात उतरणं सोयीचं पडेल ते कळव."

खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं. कारण हा प्रश्न मला नवा नाही. मिकेस जिवंत होता तेव्हा आम्ही नवरा-बायको खालच्या दोन खोल्या उन्हाळ्यात भाड्यानं द्यायचो, तुला माहीतच आहे. बोटीतून उतरलेला, उन्हानं टोमॅटो झालेला प्रत्येक परका मला हेच विचारायचा. कुठल्या भागात राहू? मग मी हातवारे करून, त्यांच्या भाषेतले चार शब्द आणि आपल्या भाषेतले चाळीस शब्द मिसळून सांगायचे. ते उत्तर मला तोंडपाठ आहे, तेव्हा तेच तुला देते.

समोर स्काला. मासे ताजे, माणसं कमी, रात्री कानात फक्त लाटा. पण ऑगस्टात उत्तरेचा वारा सुटला की टेबलावरची चादर तर उडतेच, पाठोपाठ टेबलही समुद्रात जायला निघतं. रस्ता अजून दगडांचाच आहे. ज्याला समुद्रात जायचं नाही, नुसतं समुद्राकडे बघायचंय, त्यानं स्कालाला राहावं.

मागे लिवादी. वाळू, उथळ पाणी, वाऱ्याला डोंगराची पाठ. पोरंबाळं असतील तर लिवादी बरं. नवा धक्का झाल्यापासून बोटही तिकडेच लागते, म्हणून हॉटेलं, गाणी, आइस्क्रीम सगळं तिकडे गेलं. आपली थेमेलीनाही तिथेच खोल्या देते. हो, तीच, जिनं माझ्या लग्नात आमच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल केले आणि त्या दिवसापासून जी मला नावानं हाक न मारता मुकुटांच्या त्या नात्यानं 'कुंबारा'च म्हणते, जणू लग्न अजून चालूच आहे.

आणि मधे, डोंगराच्या कण्यावर, आपलं वरचं गाव. गार. पायऱ्या भरपूर. गाढवाशिवाय दुसरं वाहन नाही. ज्याला गडबड नको त्यानं इथे यावं.

एक गंमत सांगते. बोट लिवादीला गेली त्याला आता पंचवीस वर्षं होतील, तरी आम्ही वरच्या गावातली माणसं अजून स्कालालाच पुढची बाजू म्हणतो आणि लिवादीला मागची. सरकारनं धक्का हलवला, आमची तोंडं कुणी हलवली नाहीत. तू शेवटची आलीस बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेला, चौऱ्याऐंशी साली. तेव्हा बोट पुढेच लागली होती. होडीतून काठावर उतरताना तुझा एक बूट पाण्यात गेला आणि तू एका पायानं लंगडी घालत घरापर्यंत आलीस. आई ते वर्षानुवर्षं सांगायची.

तर हे झालं परक्यांसाठी. आता तुझं. खालची मोठी खोली मी ईस्टरच्या आधी चुन्यानं रंगवून घेते. तुझी लेक इरिनी आणि तिची मुलं तिथे. तू माझ्या शेजारी, आईच्या खोलीत. आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही, तुझ्या नवऱ्याचं, स्तामातिसचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याबद्दल मी कधी शब्द काढला नाही, आजही काढत नाही. खोली तशीच आहे, एवढंच सांगते.

कुठल्या भागात उतरू, असं विचारू नये गं आपल्या माणसानं. पण विचारलंस, जाऊ दे. तिकडे इतकी वर्षं राहून माणूस विचारायला शिकतो. आम्ही इथे राहून न विचारता घुसायला शिकलो.

मुलांना मध चालतो का कळव. ओव्याच्या फुलांचा ठेवलाय.

तुझी ताई


वरचं गाव, १८ एप्रिल

सेवास्ती,

ईस्टरच्या आधीचे उपास चालू आहेत, रक्त असलेलं काही चालत नाही. रोज डाळी आणि ऑक्टोपस, पोटात समुद्र झालाय. चुनेवाला येऊन गेला. खोली इतकी पांढरी झालीय की आत जाताना डोळे मिटावे लागतात. यंदा बदामाला मोहोर लवकर आला, आणि मग गारपीट. याकुमिसच्या सुनेला मुलगा झाला. नाव आजोबांचं, म्हणजे पुन्हा याकुमिस. बेकरी वारसाहक्कानं चालणार म्हणायची.

बघ, किती गोष्टी लिहिल्या मी. मुद्द्यावर यायला माणूस किती वळसे घालतो.

तुझं दुसरं पत्र मिळालं. पायऱ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, मुलांना समुद्र जवळ हवा. बरं. मी समजून घेतलं. माझेही गुडघे तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठेच आहेत. पुढे तू लिहितेस, आणि मी तुझीच अक्षरं उतरवते:

"पण पुढची बाजू नको, तिथे फार गोंगाट. पहाटे बस थेट खिडकीखाली वळते, मुलांची झोप होणार नाही. त्यापेक्षा ओढ्याच्या पलीकडे, जरा आत, काही मिळेल का?"

सेवास्ती, मी जास्त शिकलेली नाही. तिसरीनंतर शाळा सुटली, पुढची अक्षरं मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं फाडता फाडता शिकले. म्हणून मी वाचते ते बोट ठेवून वाचते, एकेक शब्द. आणि माझं बोट त्या ओळीवर थांबलं ते उठेचना.

स्कालाला बस कधीच गेलेली नाही. तिथे गाढव जातं, तेसुद्धा नाखुशीनं.

बस वळते ती लिवादीला. आणि लिवादीला 'पुढची बाजू' म्हणतात ती माणसं नव्या धक्क्यावर उतरलेली असतात. बोटीतून पाय टाकला की जे समोर दिसतं, ते त्यांचं पुढे. चौऱ्याऐंशी साली स्कालाला बूट बुडवून गेलेली माझी बहीण लिवादीला मागची बाजूच म्हणणार. झोपेत विचारलं तरी मागचीच म्हणणार.

आता तू म्हणशील, मेलबर्नच्या आपल्या बेटवाल्यांच्या मंडळात कुणाकडून तरी ऐकलं. तुमच्या मंडळातली माणसं मला माहीत आहेत. सगळी माझ्या वयाची आहेत आणि सगळ्यांचं बेट सत्तर साली थांबलंय. ती अजून विचारतात, स्कालाला होडी कोण वल्हवतो? तो होडीवाला मरून किती काळ लोटला!

आणि ऐकलं असेल असं धरलं, तरी पहाटेची झोपमोड ऐकून समजत नाही बाई. ती स्वतःच्या उशीवर डोकं ठेवल्यावर समजते.

ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आपल्या घरात नव्हती. म्हणून सरळ विचारते. तू कधी आली होतीस?

तुझी ताई


वरचं गाव, १० मे

सेवास्ती,

ख्रिस्त उठला. खरोखर उठला. हे तरी तुला लिहायलाच हवं, सणाचे दिवस आहेत.

तुझं उत्तर नाही. मला आता त्याची गरजही उरली नाही. गुरुवारी थेमेलीना आली, दर गुरुवारी येते तशी. ईस्टरची लाल अंडी उरली होती ती घेऊन आली, पिशवीत विणकाम, तोंडात सुनेच्या तक्रारी. मी कॉफी केली. आम्ही अंगणात बसलो. तिनं कॉफी संपवली आणि सवयीनं कप बशीत पालथा घातला. गाळ बघून मी तिचं भविष्य सांगते, ती हसते, इतकाच आमचा खेळ.

मी म्हटलं, "थेमेलीना, ती बस तुझ्याकडे कुठे वळते गं?"

"कुठे म्हणजे? माझ्या गच्चीखाली! त्या ड्रायव्हरला किती वर्षं शिव्या घालतेय मी. तो म्हणतो, काकी, वळायला जागाच तेवढी आहे. मी म्हणते, मग सरळ समुद्रात जा की मेल्या!"

"पहाटे पाहुण्यांची झोप मोडत असेल."

"मोडते तर काय. होते सवय दोन दिवसांत."

"सेवास्तीला झाली का सवय?"

तिचा हात पालथ्या कपाकडे चालला होता, तो तिथेच राहिला. मग तिनं हळूच कप उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"बघ कुंबारा, कपात बघ काय आहे."

"आज कपात बघायची गरज नाही. तुझ्या तोंडावरच सगळा गाळ बसलाय."

मग ती रडायला लागली. थेमेलीना रडायला लागली की तिचं नाक आधी लाल होतं, मग आवाज. मला माझ्या रागाचीच भीती वाटत होती, म्हणून मी तिच्या पिशवीतली लोकर काढून गुंडाळत बसले.

"तिनं मला शपथ घातली होती," ती म्हणाली. "आईची शपथ."

"कुणाच्या आईची? ती आई माझीपण होती."

"आई गेली त्याच वर्षी, ऑगस्ट संपता संपता. अचानक आली. हातात एकच पिशवी. म्हणाली, ताईला सांगू नकोस, मीच जाते उद्या वर. मग उद्या म्हणाली, परवा. दिवसभर खिडकीत बसून राहायची. जेवायची नाही. मी चण्यांचं केलं, अंड्यांचं केलं, नुसती चिवडायची. एकदाच वर आली, संध्याकाळी. मी चौकापर्यंत सोडायला आले, पुढे म्हणाली, मी एकटी जाते. थोड्या वेळात परत. चेहरा मेणबत्तीसारखा. सकाळच्या बोटीनं गेली."

"आणि तू विचारलं नाहीस काय झालं?"

"नाही विचारलं. भीती वाटली, ती खरं सांगेल."

"आणि त्या दिवसापासून दर गुरुवारी तू माझ्या हातची कॉफी पितेस."

"पिते. आणि दर घोट घशात अडकतो गं कुंबारा."

"अडकत होता तर खोकायचं होतंस!"

ती लोकर तशीच टाकून गेली. अजून माझ्याकडेच आहे. निळी आहे, नातीसाठी असावी.

तर मला आता कळलं. स्तामातिसचं ऑपरेशन खरं होतं, पण तारीख खोटी होती. थेमेलीनाच जाता जाता बोलून गेली, ते त्या वर्षी मे महिन्यात झालं. ऑगस्टात तो बरा होऊन बागेत माती खणत असेल आणि तू फोनवर मला सांगत होतीस, "ताई, याला सोडून कशी येऊ?" तो फोन तू लिवादीहून तर नव्हता केलास? हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला उठून तोंडावर पाणी मारावं लागलं. डोंगर उतरला की पलीकडे तू बसली होतीस आणि मी फोनवर ओरडत होते, कारण मला वाटत होतं मधे सगळा समुद्र आहे!

आता माझं ऐक. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

शेवटच्या उन्हाळ्यात आईनं खाट स्कालाकडच्या खिडकीशी ओढून घ्यायला लावली. तिचे पाय गेले होते, डोळे होते. ती दिवसभर खाली समुद्राकडे बघायची. मी तिला कितीदा सांगितलं, आई, बोट आता मागे लागते, लिवादीला. ती म्हणायची, "तुला काय कळतंय? सेवास्ती गेली ती पुढून गेली. येईल ती पुढूनच येईल." खाट मागच्या खिडकीकडे हलवू का विचारलं तर माझ्या हाताला चावायला आली. एकदा एक पांढरी नाव दिसली, कुणा श्रीमंताची, स्कालात नांगर टाकून थांबली. आईनं मला तिचा काळा रुमाल नीट बांधायला लावला, तोंड धुवायला लावलं, आणि ताठ बसून राहिली. ती नाव दुसऱ्या दिवशी निघून गेली.

ती पुढे बघत बसली होती सेवास्ती. आणि तू मागून आलीस.

मी तुला आशीर्वाद लिहिणार नाही या पत्रात. पुढच्या वेळी लिहीन, जमलं तर. कुठल्या भागात उतरायचं ते तेव्हा तुझं तूच ठरवलं होतंस ना? मग आताही ठरव. मला कशाला विचारतेस? मी काय चौकशीची खिडकी आहे?

ताई


वरचं गाव, ८ जुलै

सेवास्ती,

तुझं लांब पत्र मिळालं. बेकरीत उघडलं नाही. घरीही उघडलं नाही. मिकेसच्या कबरीपाशी जाऊन बसले, तिथे निदान कुणी विचारत नाही काय लिहिलंय म्हणून. तिथे वाचलं.

तू लिहितेस की तू घाबरली होतीस. आई तुला ओळखणार नाही याला घाबरली होतीस, आणि ओळखेल यालाही. इतकी वर्षं आली नाहीस त्याचा हिशोब ती डोळ्यांनी मागेल असं वाटलं. हे मला समजतं. मी दगड नाही.

तू लिहितेस की त्या संध्याकाळी तू वर आलीस. गल्लीतून वळलीस, आपल्या पायऱ्यांपाशी आलीस, अंजिराच्या भिंतीला हात लावून उभी राहिलीस. खिडकी उघडी होती. आणि आतून आईचा आवाज आला.

"सेवास्ती? तू आहेस का गं?"

तुला वाटलं, तिनं पावलं ओळखली. तू उत्तर देणार, तोंड उघडलंस, आणि त्याआधी आतूनच उत्तर आलं.

"हो आई. मीच. आलेय ना मी. आता कुठे जात नाही."

माझ्या आवाजात.

"ताई," तू लिहितेस, "मी आत येऊन काय करणार होते? मी तर आधीच पोचले होते. तू माझी जागा घेतलीस. तिला मी मिळाले होते आणि ती मी नव्हते. मी आत आले असते तर तिच्यासमोर दोन सेवास्ती उभ्या राहिल्या असत्या. त्यातली खोटी कोण, हे तिनं कसं ठरवलं असतं?"

हे मी तीनदा वाचलं. बोट ठेवून. मग मी मिकेसला म्हटलं, ऐकलंस का रे? हिची मी जागा घेतली म्हणे!

आता ती जागा कशी होती, ते तुला सांगते.

जुलैत आईला माणसं ओळखू येईनात. पाद्रीबाबांना ती भाजीवाला समजली आणि वांगी किडकी आहेत म्हणून भांडली. मला तिनं एका सकाळी दूध पाजताना विचारलं, "आलीस का सेवास्ती?" मी म्हटलं, "नाही आई, मी मोठी." तिनं तोंड भिंतीकडे केलं. दूध घेतलं नाही. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. मी प्रत्येक वेळी सांगायचे, मी मोठी, आणि प्रत्येक वेळी ती अशी बघायची की जणू मीच तुला लपवून ठेवलंय. लहान मुलासारखी रडायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हा माझ्या हातात चमचा होता आणि कमरेत उसण भरली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो."

तिनं दूध प्यायलं. सगळं. माझा हात धरून म्हणाली, "वाळलीस गं."

सेवास्ती, मला या घरात 'वाळलीस' असं आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही.

त्यानंतर मी तूच झाले. तू मला मागे एक फ्रॉक पाठवला होतास, निळ्या फुलांचा. तो मला खांद्यात आवळला, बहिणीचा म्हणून कुणाला देता आला नाही, ठेवून दिला. तुझं नाव मात्र बरोबर बसलं. मी तिला मेलबर्नच्या गोष्टी सांगायचे, तुझ्या पत्रांतून आठवतील तेवढ्या. ट्राम कशी असते, इरिनीचं लग्न कसं झालं. जे आठवायचं नाही ते बनवून सांगायचे. ती मला तिचे कानातले देऊ लागली, तुझ्यासाठी ठेवलेले. मी म्हणायचे, राहू दे आई, नंतर घेईन. ते अजून डब्यात आहेत, मी हात लावलेला नाही.

आणि ऐक, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, थेमेलीनालाही नाही. त्या सगळ्या दिवसांत आईनं एकदाही विचारलं नाही की मोठी कुठे आहे. एकदाही नाही. तिचं अंग पुसणारी, तिचे केस विंचरणारी, तिला कुशीवर वळवणारी मोठी या घरातून नाहीशी झाली आणि तिला पत्ताही नव्हता. जी पायाशी असते तिला हाक कोण मारणार? हाक लांबच्याला मारतात.

म्हणून म्हणते, तुझी जागा मी घेतली नाही. माझी जागा गेली. तुझी रिकामी पडली होती, ती मी उबदार ठेवली, बस्स.

आणि तू बाहेर उभी होतीस! भिंतीपलीकडे! तुला आत यायची गरजसुद्धा नव्हती गं. खिडकीतून एक शब्द टाकायचा होतास. "ताई" म्हणायचं होतंस. आईला काही कळलं नसतं, पण मला कळलं असतं की मी अजून आहे. मी उठले असते, तुला तिच्या खाटेपाशी बसवलं असतं, माझं सोंग उतरवून ठेवलं असतं, आणि मागच्या खोलीत जाऊन झोपले असते. कितीतरी रात्री मी नीट झोपले नव्हते.

तू ते केलं नाहीस. तू ऐकलंस, पायऱ्या उतरलीस, बोटीत बसलीस. मला तुझ्या नावासकट तिथेच सोडून गेलीस. ऑक्टोबरात आई गेली ती माझ्या मांडीवर, आणि शेवटचं बोलली ते तुझ्याशी.

खोटं बोलून तू आली नाहीस, तो राग मी गिळला असता. इतकी वर्षं खूप काही गिळलंय, एक घास आणखी. पण आलीस आणि ऐकून परत गेलीस, हे गिळता येत नाही. घसा नाही तेवढा मोठा.

तरी ये. तिकिटं काढली आहेत म्हणतेस. मुलांनी काय पाप केलंय? लिवादीला राहा, ओढ्याच्या पलीकडे प्रोद्रोमोसकडे स्वच्छ खोल्या आहेत, मी त्याला सांगून ठेवलंय. सावली आहे, बसचा आवाज येत नाही. हे मी तुला परक्याला सांगावं तसं सांगतेय. परक्याला मी कधी वाईट सल्ला दिलेला नाही.

ताई


वरचं गाव, १६ ऑगस्ट

सेवास्ती,

हे पत्र टपालानं येत नाहीये. गावाखालच्या रस्त्यावर उतरून बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो तुला प्रोद्रोमोसच्या ओट्यावर आणून देईल. थेमेलीनाकडे दिलं असतं, पण ती आणि मी अजून नुसत्या माना हलवतो. लोकर तिला परत केली. ती म्हणाली, "कॉफी?" मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी बघू." बघू म्हणजे बघू.

काल तुला देवळात बघितलं. देवमातेच्या सणाला सगळं बेट वर येतं, तूही येणार हे माहीत होतं. तू बायकांच्या बाजूला शेवटच्या खांबापाशी होतीस. गुडघे चढले म्हणायचे एवढ्या पायऱ्या! केस पांढरे झाले तुझे. तू रंगवतेस असं मला उगाच वाटायचं. इरिनीची पोरगी तुझ्या हाताला लोंबकळत होती आणि तिची हनुवटी आपल्या आईची आहे. हुबेहूब. मला प्रार्थनेतलं पुढचं काही ऐकू आलं नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. मीही बघितलं. मधे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन उभं होतं. आशीर्वादाची भाकरी वाटायला लागले तशी तू पुढे यायला निघालीस, आणि मी बाजूच्या दारानं निघून आले.

का, ते मला विचारू नकोस. तूही एकदा असंच केलंस, तेव्हा तुलाही सांगता आलं नव्हतं. घरी आले, चपला काढल्या नाहीत, खुर्चीत तशीच बसले. वाट बघत होते का? हो, बघत होते. बाहेर पावलं वाजली की श्वास धरायचे. सगळी पावलं शेजारच्या घरांत गेली. सणाचा दिवस, सगळ्यांकडे कुणी ना कुणी येतं.

मी तुला माफ केलंय असं लिहिणार नाही. ते अजून झालेलं नाही, आणि जे झालं नाही ते लिहायचं वय राहिलं नाही. रात्री आडवी पडले की ती भिंत आणि तिला टेकलेला तुझा हात दिसतो, आणि मी आत बसून तुझं नाव घेऊन बोलतेय. राग येतो. मग त्या राग आलेल्या बाईची कीव येते. मग तुझीपण येते, आणि त्याचाच पुन्हा राग येतो. असं चाललंय.

तू या बेटावर आणखी नऊ-दहा दिवस आहेस असं प्रोद्रोमोस म्हणाला. राहायला तिथेच राहा. मुलांना पाणी आवडलंय, त्यांना हलवू नकोस, आणि आईच्या खोलीत मी सध्या तरी कुणाला झोपवणार नाही. तुलाही नाही.

पण वर ये. एकटी ये, किंवा त्या हनुवटीवालीला घेऊन ये. उद्या वारा पडेल असं वाटतंय, संध्याकाळी चढायला त्रास होणार नाही. दार उघडंच असतं.

मात्र एक कर. पायऱ्यांपाशी उभी राहून आत काय चाललंय ते ऐकू नकोस. आत काही चाललेलं नसतं, मी एकटी असते. हाक मार. 'ताई' म्हणू नकोस. कुंबारा, मावशी, काकी, ताई, सगळे हाका मारतात, आणि आईनं शेवटी कुठली मारली ते तुला ठाऊकच आहे. तू माझ्या नावानं मार, मोठ्यानं, लहानपणी स्कालाच्या खडकावरून मारायचीस तशी. त्या नावाला या घरात कुणी ओ दिली, त्याला फार वर्षं झाली. मला अजून देता येते का, बघू दे.

फ्रांगुला